सूर्यासही मरण आहे, तर राहणार काय?

मनुष्याच्या मनात जे प्रश्न उत्पन्न होतात त्यांपैकी कित्येक विद्येचे असतात व कित्येक अंतःकरणाचे असतात. विद्येच्या प्रश्नास विद्येने व अंतःकरणाच्या प्रश्नास अंतःकरणाने उत्तर द्यावे हे योग्य. परंतु कधी कधी हे दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात गुंफलेले येतात, आणि तेव्हा उत्तर देणाऱ्याची मोठी परीक्षा होते. अशी एक परीक्षा आमच्यावर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका लहान मंडळीत आली, व तीत आम्ही उतरलो नाही, हे आरंभीच कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे.

मार्च महिन्याचा आरंभ होता. शिवारातील हरभरा निघाला होता व गव्हाची कापणी चालली होती. त्या दिवशी संध्याकाळची प्रार्थना उपदेशकांच्या अंगणात झाली. प्रार्थना संपल्यावर उपदेशकांचा मुलगा, जो नववीत शिकतो, उभा राहून बोलू लागला. २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनी, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञानाचे प्रदर्शन भरत असते व आसपासच्या शाळांची मुले ते पाहावयास जातात. हा मुलगाही गेला होता. तो म्हणाला, की आकाशातील तारे सदाचे नाहीत. ते जन्मतात, वाढतात व मरतात. आणि आपला सूर्य हाही एक तारा असल्यामुळे एके काळी तोही विझणार आहे.

हे ऐकून कोपऱ्यात बसलेली एक वृद्ध बाई बोलली. ती माळीणच्या बाजूची आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात त्या गावावर डोंगराचा कडा उतरला व दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गेली, हे वाचकांस स्मरत असेलच. ती बाई आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, डोंगर खाली आल्याला म्या पाह्यला. आता ह्यो पोरगा म्हनतो, सूर्य बी जानार. मग राह्यचं काय?”

सभा स्तब्ध झाली. उपदेशकांनी मुलाकडे रागाने पाहून त्यास खाली बसविले. आणि आम्ही काय केले? आम्ही म्हणालो, “ही प्रार्थनेची सभा आहे, शाळेचा वर्ग नव्हे,” आणि आशीर्वाद देऊन मोकळे झालो. मुलगा गप्प बसला. बाईस उत्तर मिळाले नाही. पुढे तीन रविवार तो मुलगा उपासनेस आला नाही असे कळले, तेव्हा आमचे मन आम्हांस खाऊ लागले. त्याचे म्हणणे खोटे आहे म्हणून आम्ही त्यास गप्प केले नव्हते. ते कदाचित खरे असेल, या भयाने केले होते.

तेव्हा सत्यास भिणे हे भक्तीचे लक्षण आहे काय, आणि जे नाश पावते ते व्यर्थ आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार आज आम्ही वाचकांसमोर मांडीत आहो. आधी त्या मुलाने जे सांगितले ते खरोखर काय आहे हे पाहिले पाहिजे. कारण जे आपणांस ठाऊक नाही त्याचा धिक्कार करणे जितके अयोग्य, तितकेच त्याचा स्वीकार करणेही अयोग्य होय.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो व त्याची क्षमा मागितली. नंतर त्याच्या वडिलांच्या संमतीने त्यास बरोबर घेऊन, रीतसर परवानगी काढून, खोडदास गेलो. नारायणगावाहून पूर्वेस निघाले म्हणजे ऊस, द्राक्षे व टोमॅटो यांच्या शेतांमधून मोठमोठ्या परातींसारख्या जाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसू लागतात. अशा एकंदर ३० आहेत व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक किलोमीटरच्या चौरसात आहेत, आणि राहिलेल्या १६ तीन दिशांस रांगांनी पसरल्या आहेत. या सर्वांचा पसारा २५ किलोमीटरांपर्यंत जातो, आणि तरीही त्या सर्व मिळून एकच दुर्बीण होतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ही योजना आखली. १९९० च्या दशकात हे काम उभे राहिले, आणि २००२ सालापासून जगातील सर्व देशांच्या विद्वानांस ही दुर्बीण खुली आहे. स्वरूप यांचा जन्म १९२९ सालचा. ते २०२० साली पुणे येथे वारले.

या दुर्बिणीस डोळा लावून काही दिसत नाही. आपल्या घरातील रेडिओ ज्या जातीच्या लहरी धरतो, त्याच जातीच्या लहरी ताऱ्यांकडून व ताऱ्यांमधील वायूकडूनही येत असतात, आणि ही दुर्बीण त्या धरते. परात पत्र्याची नसून पोलादाच्या बारीक तारांच्या जाळीची का, असे आम्ही विचारले. उत्तर असे मिळाले, की मासे धरण्याच्या जाळ्यातून जसे लहान मासे निसटतात व मोठे राहतात, तसे येथे आहे. जाळीची भोके एकदोन सेंटिमीटरांची, व लहरी त्यांहून पुष्कळ लांब. म्हणून वारा आरपार जातो व लहरी अडतात. यामुळे परात हलकी झाली व खर्च वाचला. हे स्थळ निवडण्याचे एक कारण असे, की ते मोठ्या शहरांच्या गोंगाटापासून दूर व डोंगरांच्या आडोशास आहे. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की जवळच्या यंत्रांच्या लहरींत त्या बुडून जातात. म्हणून तेथे जाणाऱ्यास मोबाइल बंद ठेवण्यास सांगतात. क्षीण शब्द ऐकावयाचा असेल तर प्रथम आपण गप्प झाले पाहिजे, हा धडा आम्हांस, ज्यांनी एका मुलास गप्प केले होते, तेथे फाटकापाशीच मिळाला.

ही दुर्बीण उभारताना तिच्यापुढे दोन मुख्य कामे ठेविली होती. एक, तारे होण्यापूर्वी जो वायू होता त्याचा शोध. व दुसरे, तारे मेल्यानंतर जे उरते त्याचा शोध. जणू एकाच घराण्याचे पाळणे व थडगी या दोहोंची नोंद ठेवणारे हे दप्तर होय.

प्रथम पाळण्याविषयी सांगतो. आज बहुतेक विद्वानांचे मत असे आहे, की सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी हे सर्व विश्व अत्यंत दाट व अत्यंत तप्त अशा स्थितीत होते, व तेव्हापासून ते पसरत व निवत आले आहे. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन व हेलियम या दोन अतिहलक्या वायूंची बीजे तयार झाली. सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवले, की प्रकाशास मोकळी वाट मिळाली. त्या प्रकाशाचा अवशेष १९६५ साली अमेरिकेत पेंझियस व विल्सन या दोघांस सापडला. त्यांच्या यंत्रात सर्व दिशांनी सारखीच एक बारीक कुरकुर येत होती. यंत्रात कबुतरांनी केलेली घाण हे तिचे कारण असावे असे समजून त्यांनी ते स्वच्छ केले, तरी ती गेली नाही. विश्वाच्या बालपणाची ऊब, आता अगदी थंड झालेली, ती हीच होय असे पुढे ठरले.

त्या आरंभीच्या हायड्रोजन वायूतून २१ सेंटिमीटर लांबीची एक लहर निघते. रबराच्या पट्टीवर नागमोडी रेघ काढून पट्टी ताणली तर रेघेचे नाग जसे लांबतात, तशी विश्व पसरल्यामुळे ही लहर वाटेत लांबत जाते, व ती किती लांबली यावरून ती किती जुनी हे कळते. २०२३ सालच्या आरंभी प्रसिद्ध झाले, की खोडदच्या दुर्बिणीने एका दूरच्या आकाशगंगेतून आलेली ही लहर धरली. ती ४८ सेंटिमीटर झाली होती. ती निघाली तेव्हा विश्वाचे वय सुमारे ४९० कोटी वर्षे होते, व येथे पोहोचण्यास तिला सुमारे ८८० कोटी वर्षे लागली. ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी नव्हती व सूर्यही नव्हता. वाटेत दुसरी एक आकाशगंगा आड आली, व तिच्या आकर्षणाने भिंगाप्रमाणे काम करून ती क्षीण लहर सुमारे ३० पट ठळक केली, म्हणूनच ती कळली.

आता ताऱ्याचे आयुष्य. थंड वायूचा ढग आपल्याच भाराने आत आत दबत जातो, मध्यभागी उष्णता वाढते, आणि ती सुमारे एक कोटी अंशांवर गेली म्हणजे हायड्रोजनाचे हेलियम होऊ लागते. तारा पेटला तो असा. आपल्या सूर्यात दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन या रीतीने खर्ची पडतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे व जवळजवळ ५०० कोटी वर्षे पुरेल इतका त्याचा साठा उरला आहे. नंतर तो फुगून तांबडा होईल, बाहेरचे थर सोडून देईल, व मागे निखाऱ्यासारखा लहान पांढरा गोळा राहील. त्या मुलाने सांगितले ते एवढेच, आणि ते बरोबर होते.

जड तारे अधिक दिवस जगतात असे वाचकांस वाटेल, परंतु गोष्ट उलट आहे. गोवरीचा विस्तव रात्रभर धुमसतो व पाचटाचा मोठा जाळ घटकेत विझतो. त्याप्रमाणे फार जड तारा आपला साठा भराभर जाळून टाकतो. त्याच्या पोटात हेलियमापासून कार्बन व ऑक्सिजन, आणि अशा क्रमाने शेवटी लोखंड तयार होते. लोखंड ही ताऱ्याच्या चुलीतील राख होय. तिच्यापासून आणखी उष्णता निघत नाही. मग गाभा एका क्षणात कोसळतो व बाहेरचा सर्व भाग स्फोटाने आकाशात उधळला जातो. इसवी सन १०५४ साली वृषभ राशीत असा एक स्फोट झाला, व दिवसाही दिसणाऱ्या त्या ताऱ्याची नोंद चीन देशातील लोकांनी करून ठेविली. त्या ठिकाणी आज जो गोळा उरला आहे तो दर सेकंदास ३० वेळा फिरतो. असे गोळे जुन्नर तालुक्यात मावतील एवढे, म्हणजे सुमारे २० किलोमीटर रुंदीचे असतात, परंतु त्यांचे वजन सूर्याहून अधिक असते. दीपस्तंभाचा झोत फिरावा तसे त्यांचे लहरींचे झोत फिरतात, व खोडदची दुर्बीण त्यांची टिकटिक ऐकते. २००४ साली तिला असा एक गोळा सापडला, जो सेकंदास सुमारे २०० वेळा फिरतो.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कोणता तारा पांढरा गोळा होऊन शांतपणे निवतो व कोणता त्याही पलीकडे कोसळतो, याची मर्यादा १९३० साली सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या १९ वर्षांच्या भारतीय तरुणाने, विलायतेस जाताना आगबोटीवर, गणिताने शोधून काढली. १९३५ साली लंडन येथे विद्वानांच्या सभेत त्याने ती मांडली, तेव्हा त्या काळचे श्रेष्ठ ज्योतिर्विद एडिंग्टन यांनी भर सभेत तिची थट्टा केली. सभा मोठ्या माणसाच्या बाजूने हसली. तरुणाचे गणित बरोबर होते. १९८३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तो तरुण ७३ वर्षांचा झाला होता. वडीलधाऱ्याने लहानास गप्प करण्याचा दोष केवळ उपदेशकांचा व पाळकांचा नव्हे, तो विद्वानांचाही आहे. परंतु त्यांच्याकडून घडला म्हणून आपणांस तो माफ होत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आमचे कित्येक बंधू म्हणतात, की अशा गोष्टी ऐकूच नयेत, कारण उत्पत्तीच्या पुस्तकातील दिवसांशी या कोट्यवधी वर्षांचा मेळ बसत नाही. दुसरे कित्येक याच्या उलट हर्षित होऊन म्हणतात, की पाहा, विश्वास आरंभ आहे असे आता विद्वानच म्हणतात, तेव्हा आमचा विश्वास सिद्ध झाला! आमच्या मते हे दोघेही एकच चूक करितात. एकजण दुर्बिणीस भितो व दुसरा दुर्बिणीवर टेकतो. परंतु दोघांनीही आपला विश्वास दुर्बिणीच्या दावणीस बांधला आहे.

याविषयी एका मनुष्याचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. विश्व पसरत आहे हे १९२७ साली, व ते एका आदिकणापासून निघाले असावे हे १९३१ साली, ज्याने मांडले, तो जॉर्ज लमेत्र हा बेल्जम देशातील रोमन मंडळीचा दीक्षित पाळक होता. १९५१ साली रोमच्या पोपसाहेबांनी जाहीर भाषणात या शास्त्रीय मताचा आधार निर्मितीच्या सिद्धांतास दिला, तेव्हा सर्वांत अधिक अस्वस्थ झाला तो लमेत्रच. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, तो खरा ठरो वा खोटा, असे त्याचे मत होते. आपल्याच शोधाचा असा गौरव नाकारण्यास मोठे प्रामाणिक मन लागते.

आणि आपल्या पुण्यातही असेच एक उदाहरण घडले आहे. कोल्हापुरास जन्मलेले डॉक्टर जयंत नारळीकर यांस कोण ओळखत नाही? त्यांनी आपले गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर आयुष्यभर असे मत धरिले, की विश्वास एकच एक आरंभ मानण्याचे कारण नाही. इकडे गोविंद स्वरूप यांनी उटी येथे १९७० साली पुरी केलेल्या दुर्बिणीने जी मापे मिळाली, ती विश्व काळाबरोबर बदलत आले आहे, या विरुद्ध पक्षास पुष्टी देणारी ठरली. हे दोघे गृहस्थ अनेक वर्षे एकाच टाटा संस्थेत होते, आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात दोघांच्या संस्था शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मते निराळी, तरी खरे काय ते शोधावयाचे हे व्रत एक. बहुतेक विद्वानांनी नारळीकरांचे मत मान्य केले नाही, तरी २० मे २०२५ रोजी ते निवर्तले तोपर्यंत त्यांनी निर्भयपणे आपले म्हणणे मांडले व लोकांनी आदराने ऐकले. आता विचार करा: ज्याने आपला विश्वास ‘आरंभ होता’ या शास्त्रीय मतावर टेकविला आहे, त्याने नारळीकरांचे पुस्तक हाती घेताना थरथर कापावे काय? उद्या खोडदहून दुसरीच वार्ता आली तर मंडळीस कुलूप लावावे काय? ज्या आशेची ही दशा, ती आशा कोणत्या कामाची? आशा टेकवावयाची ती दुसरीकडे, आणि मग सर्व खऱ्या गोष्टी ऐकण्यास कान मोकळे ठेवावे.

दुसरा प्रश्न त्या वृद्ध बाईचा, आणि तोच अधिक कठीण आहे. तिला कोट्यवधी वर्षांची चिंता नव्हती. ज्यावर टेकून उभे राहावे ते सर्व खचते, हे तिने पाहिले होते. आमचा हा तालुकाच पाहा ना. ज्या आंबेगावाचे नाव त्यास आहे, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि नाव तेवढे राहिले. मनुष्य घराचा आधार धरतो, घर डोंगराचा धरते. डोंगर सरकला म्हणजे मनुष्य वर आकाशाकडे पाहतो, आणि तेथेही एक नववीतला मुलगा सांगतो की तारेसुद्धा जाणार!

परंतु जाणे म्हणजे व्यर्थ जाणे काय? आपण हातात विळा धरितो, त्याचे लोखंड कोठून आले? पृथ्वीने ते घडविले नाही. पृथ्वीत तेवढी उष्णताच नाही. सूर्याहूनही पूर्वी जे तारे होऊन फुटले, त्यांच्यात ते घडले व त्यांच्या मरणाने ते आकाशात विखुरले. त्याच धुळीपासून पुढे सूर्य झाला, पृथ्वी झाली व ही आमची तांबडी माती झाली. धडधाकट मनुष्याच्या अंगात एका लहान खिळ्याएवढे, सुमारे ४ ग्रॅम, लोखंड असते, व रक्ताचा तांबडेपणा त्याच्याशीच निगडित आहे. हाडांतील चुना व श्वासातील प्राणवायू हेही ताऱ्यांतच घडले. ते तारे कायम राहिले असते व आपला साठा आपल्याच पोटात धरून बसले असते, तर विळा नसता, गहू नसता व कापणारा हातही नसता. तेव्हा नाशवंत असणे व निष्फळ असणे यांत मोठे अंतर आहे, हे आपल्या रक्तातच लिहिलेले आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती आमच्या वाचकांनी विसरू नये. पाण्यात जो हायड्रोजन आहे तो ताऱ्यांहूनही जुना, विश्वाच्या पहिल्या घटकेचा आहे. अशा पाण्यावर हक्क सांगून, आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांस गावच्या पाणवठ्यावर घागर बुडविण्यास मनाई करण्यात येत असे. १९२७ साली महाड येथे डॉक्टर आंबेडकरांस सहस्रावधी लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा कोठे ही गोष्ट देशाच्या डोळ्यांवर आली. पाटलाच्या रक्तातील लोखंड एका ताऱ्याचे व महाराच्या रक्तातील दुसऱ्या हलक्या ताऱ्याचे, असे खोडदचा कोणताही पंडित सांगू शकणार नाही. आणि हे सांगताना आम्ही स्वतःकडेही बोट दाखवितो. कारण आमच्या मंडळ्यांतही सोयरीक जुळविताना जुनी जात हळूच विचारली जाते. ज्यांस सत्य ऐकावयाचे आहे त्यांनी हेही ऐकावे.

मात्र येथे आम्ही सावध राहतो. माळीणच्या चिखलात ज्यांची मुले गेली त्यांस, तारे मरतात व त्यांपासून लोखंड होते, असे सांगून सांत्वन होत नाही. असे सांत्वन करू जाणारा निर्दय होय. तारा मेला त्यास दुःख नव्हते, मनुष्यास आहे. दुर्बीण जे सांगते ते खरे आहे, परंतु रडणाऱ्याजवळ कोणी बसावे हे ती सांगत नाही. ते काम दुर्बिणीचे नव्हे. ते आपले आहे, आणि आम्ही ते त्या संध्याकाळी केले नाही.

खोडदहून परतल्यावर आम्ही त्या मुलासह त्या बाईच्या अंगणात गेलो. काळोख पडला होता. मुलाने तिला पश्चिमेकडे झुकलेले मृग नक्षत्र दाखविले. त्याच्या पोटातील तीन तारे ती लहानपणापासून ओळखत होती. त्या तिघांच्या खाली जो धुरकट ठिपका दिसतो, तेथे या घटकेसही नवे तारे जन्मत आहेत, व तेथील प्रकाशास येथे येण्यास सुमारे १३०० वर्षे लागतात, असे त्याने सांगितले. त्याच नक्षत्रातील तांबूस तारा, ज्यास काक्षी म्हणतात, तो म्हातारा झाला असून एक लक्ष वर्षांच्या आत केव्हा तरी फुटेल, हेही सांगितले. मग त्याने विळ्याची गोष्ट सांगितली.

बाईने सर्व शांतपणे ऐकून घेतले. नंतर आम्ही म्हणालो, “आजी, त्या दिवशी तुम्ही विचारले व आम्ही उत्तर दिले नाही. डोंगर राहील, सूर्य राहील, असे वचन आम्ही तुम्हांस देऊ शकत नाही. ज्याने हे सर्व होऊ दिले तो राहतो, अशी आमची आशा आहे. ती आम्ही तुम्हांस दाखवून देऊ शकत नाही, तुमच्याजवळ बसून धरू शकतो.” ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग मुलास म्हणाली, “म्हंजी आमचा इळा बी त्येंच्याच घरचा म्हन की.” आणि आम्हांस म्हणाली, “बसा, च्या टाकते.” आम्ही बसलो. माळीणची गोष्ट तिने त्या रात्री प्रथमच आम्हांस सविस्तर सांगितली.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या मंडळीत असा मुलगा आज नसेल तर उद्या उभा राहील. त्यास बसवू नका. जे ठाऊक नाही ते “आम्हांस ठाऊक नाही” असे उघड म्हणा. त्याने तुमचा मान कमी होणार नाही. पुढील विज्ञान दिनी त्याच्याबरोबर खोडदास जा, मोबाइल बंद करून ऐका, आणि परत आल्यावर त्यासच सभेत उभे करून सांगू द्या. त्याच सभेत कोपऱ्यात कोणी वृद्ध बाई बसली असेल, तर सभा आटोपून निघून जाऊ नका. तिच्याजवळ जाऊन बसा.